साष्टी बेट : गोड्या पाण्याच्या वाटेने

मंडळी, तुमच्यापैकी पुष्कळांचे मुंबईला येणे-जाणे असते. कोणाचा मुलगा अंधेरीला नोकरीस असतो, कोणाची बहीण घाटकोपरला दिलेली असते, कोणी घरच्या आजारी माणसाला घेऊन मोठ्या इस्पितळात येतो. काम आटोपून एखादा दिवस हाती उरला की पाहायच्या जागांची यादी ठरलेली असते. गेटवे, राणीची बाग, चौपाटी. ज्या घरी आपण उतरलो त्या घराच्या आसपास काय आहे, हे पाहुणा विचारीत नाही आणि यजमान सांगत नाही. सांगणार तरी कसा? बहुधा त्यालाही ते ठाऊक नसते.

मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. दर वर्षी नवा वर्ग समोर आला की पहिल्याच दिवशी विचारतो, ‘तुमच्यापैकी बेटावर कोण कोण राहते?’ एकही हात वर होत नाही. एके वर्षी एका मुलीने, आपले मामा अंदमानात असतात, असे मोठ्या उत्साहाने सांगितले. आता गंमत पाहा, त्या वर्गातली मुले बोरिवलीची होती, मुलुंडची होती, भांडुपची होती. म्हणजे सारा वर्गच बेटावर राहणारा!

या बेटाचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचे म्हणून साष्टी. (गोव्यातही एक साष्टी आहे, ती वेगळी.) पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि दक्षिणेला माहीमची खाडी. जुन्या मुंबईची सात बेटे त्या दक्षिण खाडीपलीकडची. अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही मुंबईची उपनगरे आपण म्हणतो खरी, पण पाण्याच्या हिशेबाने ती मुंबई बेटावर नाहीतच. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, माहीमचा १८४५ मध्ये. तोवर माहीमहून वांद्र्याला जायचे म्हणजे होडीत बसायचे. माहीमच्या बांधासाठी जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की, या वाटेवर जाणाऱ्यायेणाऱ्याकडून कर घ्यायचा नाही. आज टोलनाक्यावर खिसा चाचपताना या बाईची आठवण काढायला हरकत नाही.

बेट म्हटले की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे निळेशार पाणी येते. त्यात बुडी मारायची, पोवळी पाहायची, रंगीत मासे पाहायचे. आपल्या बेटाभोवतीच्या गढूळ पाण्यात बुडी मारून काही दिसायचे नाही. इथे जे पाहायचे ते कोरड्या पायांनी, चालत. पण तरीही ती हकीकत पाण्याचीच आहे, आणि खेड्यातल्या माणसाला ती शहरी माणसापेक्षा लवकर कळेल, म्हणूनच आज मी ती तुमच्यापुढे मांडतो आहे. भोवती सगळे खारे पाणी असता बेटावरच्या माणसांनी प्यायचे काय? हा प्रश्न मनात धरून साष्टीत हिंडा, म्हणजे इथली लेणी, तलाव, नाले हे सारे एका सुतात ओवलेले दिसू लागेल.

सुरुवात कान्हेरीपासून करू. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला थोडे चालले की राष्ट्रीय उद्यानाचे दार लागते. सोमवारी ते बंद असते, तेवढे लक्षात ठेवा. दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत, वाट जंगलातून. हे जंगल सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असून त्यात बिबटे आहेत. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात बिबट्याचे रान असणे ही जगात दुर्मीळ गोष्ट. डोंगराचे जुने नाव कृष्णगिरी, त्याचे कण्हगिरी, आणि त्याची कान्हेरी. काळ्या पाषाणात शंभराहून अधिक लेणी इथे खोदली आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षे इथे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती.

पाहुणे येतात ते तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिरतात. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात खोदलेला हा मोठा चैत्य. ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत. त्या पाहिल्या, छायाचित्र काढले, की मंडळी खाली उतरायला लागतात. माझे सांगणे असे की, खरी कान्हेरी तिथून पुढे सुरू होते. वर चढा आणि प्रत्येक लेण्याच्या दाराशी थांबून उजवीडावीकडे नजर टाका. दगडात खोदलेले चौकोनी तोंडाचे टाके दिसेल. त्याला शिलालेखांतला शब्द आहे ‘पोढी’. आता खडकाच्या पाठीवर पाहा. बोटा-दोन बोटांच्या पन्हळी कोरलेल्या दिसतील. पावसाचे पाणी त्या पन्हळींतून वाहत येऊन टाक्यात पडावे, ही योजना. वरचे टाके भरले की जादा पाणी खालच्या अंगाला जावे, अशीही सोय ठिकठिकाणी आढळते.

हे कशासाठी, ते तुम्हांला सांगायला नको. या डोंगरावर वर्षाला ९० इंचांच्या आसपास पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आकाशातून थेंब नाही. नदी म्हणावी तर पावसाळी ओढा, दिवाळीनंतर आटणारा. अशा जागी शेकडो माणसांनी शतकानुशतके राहायचे ठरवले आणि छपराएवढेच टाक्यालाही महत्त्व दिले. दान करणाऱ्यांनीही ते ओळखले होते. ‘लेणे आणि पोढी दिली’ अशा अर्थाचे लेख इथे वारंवार येतात. दाते कोण? कल्याणचे व्यापारी, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचेसुद्धा. बेटाच्या भोवतालची ही सगळी त्या काळची चालती बंदरे आणि पेठा. नुसते टाके देऊन ते थांबत नसत. कायमची ठेव ठेवीत आणि तिच्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची व्यवस्था लावून देत. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत. कोणी शेत लावून देई. एका लेखात मंगलस्थान नावाच्या गावचे शेत दिल्याचा उल्लेख आहे. हे मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे. तिथे आता मेट्रोचे स्थानक आहे. गाडी थांबते, घोषणा होते, माणसे चढतात-उतरतात. त्या नावाचे शेत कधीकाळी भिक्षूंच्या अंगावर वस्त्र घालीत होते, हे त्या गर्दीत कोणाच्या गावीही नसते.

कान्हेरीची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नव्वदाव्या लेण्याच्या भिंतीवर पहलवी लिपीतले लेख आहेत. पहलवी म्हणजे इराणची जुनी लिपी. लिहिणारे होते पारशी. लेखांचे साल इसवी सनाने १००९ आणि १०२१. मजकूर काय? अमक्या वर्षी, अमक्या महिन्यात, अमक्या दिवशी आम्ही या ठिकाणी आलो, आणि खाली नावे, बापाच्या नावासह. दान नाही, नवस नाही. पाहायला आले, पाहिले, नावे लिहून गेले. या बेटावरच्या पर्यटकांची सापडलेली ही मोठी जुनी नोंद.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे मी नेहमी अडखळतो. कारण शेजारच्याच लेण्यांत कोळशाने, खिळ्याने कोरलेली अलीकडची नावे आहेत, बदामाच्या चित्रासकट. मी मुलांना ओरडलो की ती पहलवी लेखांकडे बोट दाखवतात. ‘सर, त्यांचे जपायचे आणि आमचे पुसायचे?’ प्रश्न सोपा नाही. मी सांगतो की, त्यांनी वर्ष, महिना, दिवस घातला, म्हणून आपल्याला अकराव्या शतकातले काही कळले. तुम्ही लिहिता त्यातून कोणाला काय कळणार? पण खरे म्हणजे हे उत्तर माझे मलाच पुरते पटत नाही. जुन्या लेखावर नवे अक्षर कोरले की जुने कायमचे जाते, हे कारण खरे, आणि हल्ली मी एवढेच सांगून थांबतो.

कान्हेरीच्या माथ्यावर गेलात तर दक्षिणेकडे झाडीत पाणी चमकताना दिसेल. ते विहार आणि तुळशी. आता आपण हजार वर्षे ओलांडून पुढे आलो. मधल्या काळात बेटाने धनी पुष्कळ बदलले. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसईबरोबर हा मुलूख पोर्तुगिजांना दिला. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसईही जिंकली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे राहिली. या साऱ्या उलथापालथीची खूण एकाच जागी पाहायची असेल तर बोरिवली पश्चिमेला मंडपेश्वरला जा. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे शैव लेणे. आत नटराजाचे शिल्प आहे. पोर्तुगीज पाद्र्यांनी लेण्याचे चर्च केले आणि वर मठाची मोठी इमारत उठवली. तिच्या उंच भिंती अजून बिनछपराच्या उभ्या आहेत. एका शिल्पपटाच्या जागी कोरलेला क्रूस आजही दिसतो. मी तिथे गेलो की कोणावर रागवावे हे कळत नाही, आणि काही वेळाने रागवायचे राहूनच जाते.

आता पुन्हा तलावांकडे. इंग्रजांची मुंबई वाढली ती विहिरींवर आणि तळ्यांवर. १८५४ मध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि शहरात पाण्यासाठी हाहाकार उडाला. बाहेरून पाणी आणून भागवावे लागले. तेव्हा हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे साष्टीच्या डोंगरात, मिठी नदीच्या उगमाशी, बांध घालून विहार तलाव केला. काम १८५६ मध्ये सुरू झाले, १८६० मध्ये पुरे झाले. नळाने पाणी शहरात पोहोचले. पाणी नळाच्या तोटीतून येते हे कित्येकांना खरे वाटेना, असे सांगतात. पुढे १८७९ मध्ये तुळशी झाला. १८९० च्या सुमारास पवई झाला, पण त्याचे पाणी पिण्याजोगे ठरले नाही. आजही ते पिण्याला घेत नाहीत. पवईच्या काठावर संध्याकाळी फिरायला मात्र झकास जागा आहे. विहार आणि तुळशीच्या काठी जायला परवानगी लागते.

इथे थोडा हिशेब करू. विहारात सुमारे २,७७० कोटी लिटर पाणी मावते, तुळशीत सुमारे ८०५ कोटी. आकडा ऐकून छाती दडपते. पण आज मुंबईला दररोज जवळजवळ ३९० कोटी लिटर पाणी पुरवले जाते. म्हणजे ज्या विहारावर एके काळी शहराची भिस्त होती, तो भरून वाहिला तरी आजच्या मुंबईला जेमतेम आठवडाभर पुरेल, आणि तुळशी दोन दिवस. बाकीचे पाणी कोठून येते? भातसा, तानसा, वैतरणा. ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतून. कान्हेरीच्या भिक्षूंनी आपल्या डोंगरावर पडलेल्या पावसात भागवले. इंग्रजांना निदान आरंभी बेटाचा पाऊस पुरला. आपल्याला तो पुरेनासा झाला आणि आपण शंभर किलोमीटरपर्यंत हात लांब केला. माझ्या वर्गात शहापूर तालुक्यातला एक विद्यार्थी होता. विहाराची ही गोष्ट सांगत असता तो उठून म्हणाला, ‘सर, धरण आमच्याकडे आहे, पण मे महिन्यात आमच्या पाड्यावर टँकर येतो.’ मला त्याला काही सांगता आले नाही. मी फळ्यावरचा आकडा तसाच ठेवून तास संपवला.

विहार-पवईचे जादा पाणी मिठी नदीने वाहत माहीमच्या खाडीला मिळते. मिठी! नाव केवढे गोड. साकीनाक्याला पुलावर उभे राहिलात तर ही नदी आहे हे कोणी सांगावे लागेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. त्या रात्री अंधेरीहून घाटकोपरला कमरेइतक्या पाण्यातून चालत आलो. रस्ता कुठला, नाला कुठला, काही दिसत नव्हते. बाजूच्या वस्तीतल्या पोरांनी दोर बांधून माणसे पार केली. त्या रात्री मला पहिल्यांदा समजले की, ज्याला आपण गटार म्हणत होतो ती नदी आहे, आणि भरतीच्या वेळी तिला समुद्राकडे वाट मिळत नाही. बेटावर राहतो हे मीही तोवर विसरलोच होतो.

अंधेरीतच महाकालीची लेणी आहेत. खरे नाव कोंडिविटे. जवळच्या देवळावरून लोकांनी नाव बदलले. इथले नववे लेणे चुकवू नका. आत दगडाची गोल खोली कोरली आहे, तिला दगडाचीच जाळी, आणि आत स्तूप. आपल्याकडच्या कुडाच्या गोल खोपटाची आठवण यावी असा घाट आहे. मूळ नमुना बिहारातल्या बराबरच्या लेण्यांत सापडतो, महाराष्ट्रात तो विरळा. टाकी इथेही आहेतच. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट टेकडी म्हणजे सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा सुळका. लाव्हा निवताना त्याचे उभे खांब झाले, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. भोवतीचा दगड खाणवाल्यांनी नेला म्हणून तो असा एकटा उरला. वर गावदेवीचे देऊळ आहे. पायऱ्या चढून गेलात तर समुद्र दिसतो. जोगेश्वरीचे लेणे जमिनीच्या पातळीखाली उतरत जाते. चहूबाजूंनी वस्ती, डोक्यावर वस्ती, आणि पावसाळ्यात छतातून गळणारे पाणी. तरी देवी जोगेश्वरीची पूजा अखंड चालू आहे. दगड हळूहळू झिजतो आहे, हे पाहून वाईट वाटते.

पूर्वेकडची बाजू सर्वांत कमी पाहिली जाते. मुलुंड, भांडुप, कांजूरच्या पूर्वेला द्रुतगती मार्ग ओलांडला की मिठागरे लागतात. भरतीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटवायचे आणि मीठ ओढायचे, हा या खाडीकाठचा फार जुना धंदा. आता बरीचशी मिठागरे ओस पडली आहेत. त्यांतली सुमारे २५० एकर जमीन घरबांधणीकडे वळवायचा निर्णय २०२४ मध्ये झाला. घरे हवीत हे खरे. पण भरतीचे आणि अतिवृष्टीचे पाणी पसरायला जी मोकळी जागा लागते ती हीच, हेही खरे.

मिठागरांपुढे खारफुटी आणि तिच्यापुढे ठाण्याची खाडी. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत इथे रोहित पक्षी हजारोंनी उतरतात. गुलाबी पंखांचे, लांब मानेचे. या भागाला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत नाव आले. मुलुंडहून पुलाने पलीकडे ऐरोलीला गेले की वनखात्याच्या बोटी मिळतात. बोट भरती पाहून सुटते, तुमची वेळ पाहून नव्हे. तेव्हा आधी चौकशी करून जा.

शाळेची सहल काढणार असाल तर गुरुजी, माझे ऐका. एका दिवसात सगळे दाखवू नका. एक दिवस नुसती कान्हेरी, आणि तीही श्रावणात, पन्हळी वाहत असताना. मुलांना टाकी मोजायला लावा. दगड निसरडे असतात, तेवढे सांभाळा. पाणी आणि डबा बरोबर असू द्या. डबा माकडांपासून जपा.

आणि दिवस उरला तर मालाडहून मार्व्याला जा आणि मनोरीच्या तरीत बसा. खाडी रुंद नाही, चार-पाच मिनिटांत पार होते. मागल्या खेपेला माझ्या शेजारी एक कोळीण रिकामी टोपली घेऊन बसली होती. मी विचारले, ‘मावशी, कुठून आलात?’ ती म्हणाली, ‘मुंबईला गेले होते, मासळी विकायला.’ मला वाटले क्रॉफर्ड मार्केटला गेली असेल. म्हणून पुन्हा विचारले, तर म्हणाली, ‘छे हो, मालाडला.’